न्यू जर्सीत टोमॅटो, मिरची, वांग्याचं बी घरात कधी टाकायचं?

तुम्ही लिहिलंय की एडिसनला येऊन दीड वर्ष झालं, गेल्या मे महिन्यात वांगी, मिरची, टोमॅटोचं बी थेट मागच्या अंगणात पेरलं, झाडं चांगली झाली, पण वांग्याला फुलं धरेपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि पुढच्या थंडीत सगळं गेलं. या वर्षी रोप घरातच करायचं म्हणता, तर बी कधी टाकायचं आणि कसं?

तुमच्या बियांत खोट नव्हती. हंगाम आखूड पडला, एवढंच. मी जुन्नर तालुक्यातली, नारायणगावच्या टोमॅटोच्या पट्ट्यात वाढले. तिकडे टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांत लागणीला येतं. इथे घरात त्याच रोपाला सहा ते आठ आठवडे लागतात आणि मिरची-वांग्याला आठ ते दहा. हे दोन-अडीच महिने थंडीतच, घरात काढून घ्यायचे.

सगळा हिशोब शेवटच्या फ्रॉस्टपासून मागे मोजायचा. आपल्या भागात, म्हणजे मध्य न्यू जर्सीत, रात्री दव गोठण्याची भीती साधारण एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत असते. मी १५ मे धरून चालते. २०२० साली ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हिमकण पडले होते, त्यामुळे १५ मे म्हणजे फार सावधपणा, असं मला वाटत नाही. बियांच्या पाकिटावर ‘झोन’चा नकाशा असतो, त्यावरून तारीख काढू नका. झोन हिवाळ्यातलं सरासरी नीचांकी तापमान सांगतो, आंबा किंवा अंजीर जगेल का हे ठरवायला तो उपयोगी. शेवटचा फ्रॉस्ट कधी, हे त्यातून कळत नाही. रटगर्स विद्यापीठाच्या विस्तार विभागाची, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या विभागाची, कार्यालयं काउंटीवार आहेत, तिथे विचारा. याच विद्यापीठाचं ‘रटगर्स’ टोमॅटो १९३४ साली आलं आणि अजून घरोघरी लावतात. रस्सा-सारासाठी मला ते आवडतं.

तर मिरचीचं बी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, वांग्याचं मार्चच्या पहिल्या आठवड्यात. टोमॅटोचं २०-२५ मार्चला, त्याआधी नाही. कोबी-फ्लॉवर लावणार असाल तर त्यांचंही बी मार्चच्या सुरुवातीला टाका, पण ती रोपं थंडी सोसतात, एप्रिलच्या मध्याला बाहेर जातात. दुधी, दोडका, कारली, काकडी आणि भेंडी एप्रिलच्या शेवटी, प्रत्येक बी वेगळ्या कागदी कपात, कारण यांच्या मुळांना धक्का लागलेला चालत नाही. लावताना कपाचं बूड फाडून गड्ड्यासकट खड्ड्यात ठेवायचं. कारल्याचं बी कठीण असतं, नेलकटरनं कडेला जरासा चिमटा घेऊन रात्रभर भिजवा. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांचं रोप करायच्या फंदात पडू नका. एप्रिलमध्ये जमिनीला वाफसा आला, म्हणजे ती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की थेट पेरा. मेथी आणि धणे किराणा दुकानातले चालतात, धणे लाटण्याखाली हलकेच दाबून दोन फाकी करून घ्या.

पहिल्या वर्षी मी उत्साहात सगळं बी जानेवारीतच टाकलं. एप्रिलपर्यंत दुधीचे ताणे खिडकीच्या पडद्यात गुंतले होते, छोट्या कपात मुळं गोल गोल फिरून घट्ट झाली होती. मेमध्ये बाहेर लावल्यावर ते वेल महिनाभर तसेच बसून राहिले. शेजारच्या आजींनी मेअखेरीला जमिनीत टोकलेलं बी त्यांच्या पुढे गेलं. तेव्हापासून मी कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवते आणि त्या पाळते.

आता ‘कसं’. बागेतली माती घरात आणू नका, ती ट्रेमध्ये दगडासारखी बसते आणि सोबत बुरशी आणते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीटमध्ये थोडं परलाइट (हलके पांढरे खडे) मिसळलेलं, बी रुजवण्यासाठी म्हणून मिळणारं मिश्रण घ्या. ते आधी बादलीत भिजवा. मुठीत दाबलं की लाडू व्हावा, बोटांतून एखादाच थेंब यावा, आणि टिचकी मारली की लाडू फुटावा. आपल्याकडे शेतात वाफसा बघतात तसाच हा. बी पाव इंच खोल, वर हलकी माती, आणि ओल टिकायला झाकण.

मिरची आणि वांग्याला ऊब खालून लागते. मातीचं तापमान २७ ते ३० सेल्सिअस असेल तर मिरची आठ-दहा दिवसांत वर येते. आपल्या घरात हीटिंग वीसवर असतं, तेवढ्यात तीच मिरची तीन आठवडे दिसत नाही आणि आपण बी खराब म्हणून ट्रे फेकून देतो. ट्रेखाली घालायची हीटमॅट मिळते, ती घ्या. अंकुर दिसले की मॅट आणि झाकण दोन्ही काढायचं. मिरचीचा अंकुर आधी वाकलेल्या हुकासारखा वर येतो, मग सरळ होतो. कधी कधी बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर अडकून राहतं आणि पानं उघडत नाहीत. ते ओढू नका, पानं तुटतात. पाण्याचा थेंब ठेवा, तासाभरानं बोटाच्या टोकानं पुसल्यासारखं करा, निघून येतं.

आणि उजेड. सगळ्यात जास्त रोपं उजेडाअभावी वाया जातात, म्हणून यावर कृपया कंजुषी करू नका. दक्षिणेकडची खिडकी आपल्याला लख्ख वाटते, पण फेब्रुवारी-मार्चचं ऊन तिरपं, दिवस अकरा-बारा तासांचा, त्यात ढग. खिडकीतली रोपं चार दिवसांत काचेकडे मान वळवतात आणि दोऱ्यासारखी लांब, फिकी होतात. चार फुटी साधी एलईडी ट्यूब आणा, गॅरेजमध्ये लावतात तसली. साखळीनं टांगा, रोपांच्या शेंड्यापासून दोन-तीन इंचांवर ठेवा आणि रोपं वाढतील तशी वर घ्या. टायमर लावून दिवसाला चौदा ते सोळा तास. महागडे जांभळे दिवे मला कधी लागले नाहीत.

पाणी खालच्या ताटलीत द्या, अर्ध्या तासानं उरलेलं ओतून टाका. वरून रोज शिंपडलं की रोप कोलमडतं. संध्याकाळी ताठ उभं असलेलं रोप सकाळी आडवं दिसतं, आणि जवळून पाहिलं तर मातीलगतचा देठ दोरा आवळल्यासारखा बारीक झालेला असतो. ते रोप वाचत नाही, उचलून टाका आणि बाकीच्यांचं पाणी तोडा. एक छोटा पंखा हळू फिरता ठेवला तर वरची माती कोरडी राहते आणि देठही जाड होतात.

पहिली दोन गुळगुळीत पानं बियांतली असतात. त्यांच्यानंतर खरी पानं येतात, ती दोन-तीन झाली की मोठ्या कपात बदला. रोप पानाला धरा, देठाला कधीच नाही. टोमॅटो पानांपर्यंत खोल गाडला तरी चालतो, गाडलेल्या देठाला मुळं फुटतात. मिरची-वांगी होती तेवढ्याच खोलीवर ठेवा. इथून पुढे पातळ द्रवखत, पाकिटावर लिहिल्याच्या निम्मं.

बाहेर नेताना घाई नको. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडं वाढवत, आठ-दहा दिवसांनी पूर्ण ऊन. घरातल्या दिव्याखालचं पान थेट उन्हात एका दुपारी कागदासारखं पांढरं पडतं. टोमॅटो १५ मेनंतर, रात्री १० सेल्सिअसच्या खाली जात नाहीत ना ते पाहून. मिरची, वांगी, भेंडी आणि वेल मेच्या शेवटच्या आठवड्यात. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा. दोन-चार रोपं जास्तीची राखून ठेवा, नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, लागतातच.

तुम्ही आईकडून गावरान वांग्याचं बी आणायचं म्हणालात. मलाही तो मोह दर वर्षी होतो, पण बॅगेत लपवून आणू नका. भारतातून बी आणताना विमानतळावर ते जाहीर करावं लागतं आणि सोबत तिथल्या कृषी खात्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं, नाहीतर काढून घेतात. इथल्या बियाणं विक्रेत्यांकडे भारतीय वांगी, ज्वाला मिरची, दुधी मिळतात. या वर्षीच्या एखाद्या निरोगी झाडावरचं एक वांगं पिकून पिवळं पडेपर्यंत ठेवा, पुढच्या वर्षाचं बी घरचं होईल. फक्त पाकिटावर ‘एफ१’ लिहिलेलं नसावं, संकरित वाणाचं बी धरलं तर तसंच झाड येत नाही.

आत्ता फेब्रुवारीचा दुसरा आठवडा चालू आहे. या शनिवार-रविवारी ट्यूब, टायमर आणि मॅट आणून मांडणी करून ठेवा, पुढच्या आठवड्यात मिश्रण भिजवा आणि त्यानंतर मिरची टाका. टोमॅटोचं पाकीट २० मार्चपर्यंत उघडू नका.