कोलेस्टेरॉलची गोळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन सुरू केल्यापासून मांड्या दुखतात. मी नागपूरचा, रोज संत्री खातो. त्यामुळे असेल का? गोळी बंद करू?

संत्र्यामुळे नाही, आणि गोळी परस्पर बंद करू नका. मी धंतोलीत फार्मासिस्ट आहे. संत्र्यांच्या मोसमात हा प्रश्न हमखास येतो. या गोळीचं वाकडं आहे ते ग्रेपफ्रूट या संत्र्यापेक्षा मोठ्या, कडवट फळाशी. त्यातले काही घटक आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात, मग रक्तात औषध जास्त उतरतं. आपल्या संत्र्यात तो प्रकार नाही. पपनस मात्र ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं, ते टाळलेलं बरं.

दुखणं गोळीचं असेल तर ते बहुधा दोन्ही बाजूंना सारखं असतं (मांड्या, पोटऱ्या, खांदे) आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत लागतं. एकाच गुडघ्यात कळ येत असेल तर संशय दुसरीकडे घ्या. डॉक्टर सहसा सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासतात, मग डोस कमी करतात किंवा रोसुव्हास्टॅटिनसारखी दुसरी गोळी देतात. बऱ्याच जणांचं तेवढ्यानं भागतं. फक्त लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा जिना चढवेना इतकी ताकद गेली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.