खालीच्या मात्रा

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने. त्यातले प्रत्येक वाक्य दाद मिळवू पाहते, आणि म्हणूनच एकही मनात ठसत नाही. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची, फेरीची, पहिली मात्रा, जिथे सगळा जोर येऊन पोचतो. सगळ्याच मात्रांवर सम आली, तर सम उरतच नाही.

तू तबला शिकतोस, म्हणून तीनतालाचेच सांगतो. त्याच्या १६ मात्रांत ९व्या मात्रेवर टाळी न देता ‘खाली’, म्हणजे रिकामी जागा, दाखवतात. नेहमीच्या ठेक्यात १०व्या मात्रेपासून ‘तिं तिं ता’ सुरू होताच डग्ग्याचा, म्हणजे जोडीतल्या खर्जातल्या वाद्याचा, घुमारा थांबतो आणि १४व्या मात्रेच्या ‘धिं’बरोबर, म्हणजे समेच्या तीन मात्रा आधी, परततो. सम आल्यावर मान आपोआप डोलते, ती या पूर्वतयारीमुळे. खालीच्या मात्रा कमी वाजतात, पण त्यांचा काळ इतर मात्रांइतकाच असतो.

तुकोबांचे ‘सुंदर तें ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां’ मोजून पाहा. सहा, सहा, सहा आणि शेवटी चारच अक्षरे. यमक ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ यांच्यात जुळून संपते. आखूड चौथ्या चरणाला यमक नाही, तरी विठ्ठलाची मूर्ती पूर्ण होते ती तिथेच. मराठी गद्य लिहिणाऱ्याने एवढे एक जरी मनापासून ऐकले, तरी पुष्कळ मिळेल, असे मला वाटते.

तेव्हा जिथे विचाराला खरोखर ताण आहे, तिथे वाक्य लांबू दे, आणि त्यानंतर एखादे साधे, विशेषण नसलेले, केवळ माहिती देणारे वाक्य निःसंकोचपणे येऊ दे. मात्र एक लांब, एक आखूड असा हिशेब मांडू नकोस. वाचकाला विसावा कुठे हवा, हे विषयच ठरवतो.

आजीच्या औषधपाण्यात आठवडे गेले, लेखन मागे पडले, असेही तू लिहिले आहेस. लय म्हणजे वेग नव्हे. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालात एकेक मात्रा कितीतरी लांबते, तरी गाणारा चुकत नाही, कारण त्याची मोजणी आत चालू असते. ते आठवडे आवर्तनातलेच आहेत. लिहायला बसण्याची वेळ तेवढी मोडू नकोस; त्या वेळी एकच ओळ झाली तरी चालेल.

आता लेखाचा तिसरा परिच्छेद घे, त्यातली निम्मी विशेषणे काढ आणि मोठ्याने वाचून झाल्यावरच मला पाठव.

कळावे.