आमच्या नावाच्या पिशव्या दुसऱ्याला का दिल्या?

प्रश्न: मे महिन्यात यजमानांचा गुडघा बदलायचा होता. रक्तपेढीनं सांगितलं म्हणून मुलानं आणि पुतण्यानं रक्त दिलं. बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या यजमानांच्या नावानं ठेवल्या होत्या. ऑपरेशनच्या सकाळी कळलं, रात्री त्या दुसऱ्याच पेशंटला दिल्या! ऑपरेशन नऊ दिवस पुढे गेलं. आम्ही रक्त देऊनही असं का? मुलाचं रक्त सरळ वडिलांना चढवलं असतं तर काय बिघडलं असतं? डिसेंबरात दुसरा गुडघा आहे, म्हणून विचारते.
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर: ताई, राग येणारच. पण मी पुण्यातल्याच एका रक्तपेढीत तीस वर्षं काढली आणि पिशवीवरचं नाव मीही खोडलेलं आहे. तेव्हा मला तटस्थ समजू नका.

आधी मुलाचं. जवळच्या नात्यातलं रक्त आम्ही मुद्दाम टाळतो. त्यातल्या पांढऱ्या पेशी कधी कधी पेशंटच्या शरीराला परक्या वाटतच नाहीत. त्या तिथेच मुक्काम ठोकतात आणि त्या शरीरावरच उलटतात. असं क्वचित होतं, पण झालं तर पेशंट बहुधा हाती लागत नाही. म्हणून किरणोत्सर्गाची प्रक्रिया केल्याशिवाय मुलाचं रक्त बापाला देऊ नये. तुमच्या मुलाची पिशवी साठ्यात गेली, ते ठीकच झालं.

एप्रिल-मे हा आमचा दुष्काळ. कॉलेजं बंद, होस्टेलची मुलं लातूर-जळगावला घरी, उरलेलं पुणं कोकणात. तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, त्यामुळे शिवजयंतीच्या शिबिरातलं रक्त मे उजाडेपर्यंत उरत नाही.

अशाच एका मेमध्ये फ्रिजमध्ये बी पॉझिटिव्हच्या चार पिशव्या होत्या. त्यातल्या दोन सकाळच्या गुडघ्यासाठी क्रॉसमॅच करून, म्हणजे त्या पेशंटच्या रक्ताशी जुळवून, बाजूला काढलेल्या. ‘ओ’ तर संध्याकाळीच संपलं होतं. रात्री अकराच्या सुमारास बाळंतपणानंतर रक्त थांबत नसलेली एक बाई आली आणि पाठोपाठ नवले पुलाजवळच्या अपघातातला एक मुलगा. दोघंही बी पॉझिटिव्ह. आधी कोण आलं, कुणाच्या घरच्यांनी किती बाटल्या दिल्या, हे त्या वेळी कुणी बघत नाही. मी दोन्हीकडच्या डॉक्टरांना फोनवर एकच विचारलं: रक्त कुठून जातंय ते सापडलं का? बाईंचं सापडलं होतं, त्यांना आत घेत होते. मुलाचं अजून शोधत होते. गळती सापडली असेल तर दोन पिशव्यांत माणूस तरतो. नसेल तर दहाही पुरत नाहीत. पहिल्या दोन बाईंना दिल्या. मग गुडघ्याच्या दोन्ही मुलाला. गुडघ्याचे सर्जन सकाळी माझ्यावर असे ओरडले की काउंटरवरचा पोरगा चहा तसाच ठेवून बाहेर गेला.

बाई घरी गेल्या. मुलगा गेला. त्या दोन पिशव्या वाया गेल्या असं मला तरी कधी वाटलं नाही.

तुमच्या बाबतीत चूक झालीच, पण ती वेगळी. रात्रीच तुम्हाला फोन यायला हवा होता. उपाशीपोटी, गाऊन घालून बसलेल्या माणसाला सकाळी सांगणं हा निव्वळ आळस. त्याबद्दल लेखी तक्रार जरूर करा.

आता डिसेंबरचं. यजमानांचं हिमोग्लोबिन आत्ताच तपासा. कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना दोन-तीन महिने हाताशी आहेत. ऐनवेळी धावपळ नको. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन देणार का, हे सर्जनना विचारा. गुडघ्याच्या ऑपरेशनला ते पुष्कळदा वापरतात आणि मग अनेकांना पिशवी लागतच नाही.

आणि तुमच्या मुलाचे दोन रक्तदानांमधले तीन महिने ऑगस्टमध्ये पूर्ण होतील. पण गणपतीच्या शिबिरात त्याला पाठवू नका, तिथे रांगा असतात. दिवाळीच्या सुट्टीत पाठवा. तेव्हा आमच्या खुर्च्या रिकाम्या असतात.