चर्चमध्ये अभंग?

प्रश्न: नगरला मैत्रिणीसोबत चर्चला गेले होते, तिथे पेटी-तबल्यावर चक्क अभंगासारखं गाणं चाललेलं! हे नवीन फॅड आहे का?

उत्तर: नवीन कुठलं ताई, शंभर वर्षं होऊन गेली की! कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरात नुसता हलकल्लोळ, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन चार-पाच वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या, मग परत संसार सुरू झाला आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण स्वतःला पटल्यावर, हे महत्त्वाचं. टिळक म्हणायचे मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, म्हणून मग इंग्रजी चालींवर बसवलेल्या गाण्यांपेक्षा त्यांनी अभंग, भजनं लिहिली, कीर्तनं केली. (मला विचाराल तर त्यांची खरी कमाई हीच.) ती गाणी ‘उपासना संगीत’ या चर्चच्या मराठी गीतसंग्रहात आहेत, मैत्रिणीच्या घरी पुस्तक असणारच, मागून बघा. १९१९ ला टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं, ते पुढे कोणी पुरं केलं माहितीये? कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी!