कोअर की आयटी?

प्रश्न : मी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रो, म्हणजे काम आपोआप करून देणारे छोटे प्रोग्रॅम, लिहायचा नाद लागलाय. पहिल्याच मॅक्रोत दहा मिलिमीटरची प्लेट करायला गेले आणि दहा मीटरचा ठोकळा उभा राहिला! बाबा म्हणतात सरळ आयटीत जा, सर म्हणतात कोअर, म्हणजे मेकॅनिकलचं मूळ क्षेत्र, सोडू नकोस. काय करू?

उत्तर : त्या ठोकळ्यापासूनच सुरुवात करू. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असो की इंचात, सॉलिडवर्क्सचा एपीआय (म्हणजे प्रोग्रॅममधून सॉफ्टवेअरला हुकूम द्यायची सोय) लांबी मीटरमध्येच घेतो आणि कोन रेडियनमध्ये. हे कोणीतरी बसून ठरवलंय. असं ठरवणं हीसुद्धा एक नोकरी आहे, आणि ती ना तुझ्या सरांच्या डोळ्यांपुढे आहे ना बाबांच्या.

आता जरा अवघड गोष्ट. ठोकळ्याला बारा कडा. तू प्रोग्रॅममध्ये लिहिलंस, 'तिसऱ्या कडेला फिलेट दे', म्हणजे ती कड गोलसर कर. मग मागे जाऊन स्केचमध्ये एक खाच वाढवलीस. कडांचे नंबर बदलले, तिसरी कड आता भलतीच, आणि फिलेट तिकडे जाऊन बसला. फ्रीकॅड हे डिझाइनचं मोफत सॉफ्टवेअर वापरणारे या दुखण्याला वर्षानुवर्षं वैतागले होते. 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत त्यावर बराच इलाज झाला. मग कड ओळखायची कशावरून? नंबरवरून, की ती कोणत्या दोन फेसच्या (पृष्ठभागांच्या) मध्ये आहे त्यावरून? आणि खाचेमुळे त्या कडेचे दोन तुकडे झाले तर फिलेट दोघांना द्यायचा की एकालाच? नुसतं कोडिंग शिकलेल्याला हा प्रश्न पडायलाच वेळ लागतो. वर्कशॉपमध्ये जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हातात धरलेल्याला लगेच पडतो.

तेव्हा डिग्री पूर्ण कर. सोबत सी प्लस प्लस नीट शीक. एसिस आणि ओपन कॅस्केड ही भूमितीची कर्नल, म्हणजे डिझाइन सॉफ्टवेअरच्या आत आकारांचं गणित करणारे गाभे, त्यातच लिहिलेली आहेत. ओपन कॅस्केडचा सोर्स 1999 पासून खुला आहे, फ्रीकॅड त्यावरच चालतं. एम-थ्रीच्या (गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या) तासाला कंटाळा आणणाऱ्या वेक्टरशी मात्र पुन्हा गट्टी करावी लागेल, त्याला इलाज नाही.

या सुट्टीत पायथनमधून फ्रीकॅडसाठी फ्लँज (पाइप जोडायची बोल्टची चकती) बनवणारं छोटं फंक्शन लिही : बाहेरचा व्यास, जाडी, बोल्टची भोकं किती. मग काही न समजावता ते मैत्रिणीला वापरायला दे आणि ती कुठे अडते ते शेजारी बसून लिहून काढ. ती वही मुलाखतीला घेऊन जा.

बाबांना सांग, सीमेन्स, दासो सिस्टिम्स, पीटीसी या डिझाइन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं पुण्यातही चालतात. जागा नेहमीच्या आयटीपेक्षा कमी असतात, हेही त्यांना आधीच सांगून ठेव.