मुलाला तबला सोडून ड्रम्स शिकायचे आहेत. आपल्याकडचं कुणी या वाटेनं जाझपर्यंत गेलं आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा १३ वर्षांचा आहे, सहा वर्षं तबला शिकलाय, आणि आता ड्रम्सचा हट्ट धरून बसलाय. त्याचे गुरुजी म्हणतात, काठ्या धरल्या की तबल्याचा हात बिघडतो. आणि तुमचा प्रश्न आहे की तबल्यावरून ड्रम्सकडे वळून जाझ वाजवणारा, स्वतःचा बँड उभा करणारा आपल्याकडे कुणी झाला का.

झाला आहे. त्रिलोक गुर्टू. पण त्यांनी तबला सोडून ड्रम्स घेतले, असं मात्र झालं नाही. तुमच्या घरातल्या भांडणाचं उत्तर मला इथेच सापडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी साताऱ्यात आठ वर्षं तबला शिकलो, कॉलेजसाठी पुण्यात आल्यावर ड्रम्सवर बसलो आणि आता दोन्ही शिकवतो.

त्रिलोक यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ चा, मुंबईतला. आई म्हणजे ठुमरी गायिका शोभा गुर्टू, आपल्या शोभाताई, बेळगावच्या. आजी मेनकाबाई शिरोडकर अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या; शोभाताईंना अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांची तालीम मिळाली आणि ठुमरी-दादरा त्यांनी घम्मन खाँ यांच्याकडून घेतला. वडिलांचे वडील नारायणनाथ गुर्टू पोलीस खात्यातले अधिकारी, पण सतार वाजवणारे. मुलगा माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत जायचा आणि घरी तबला शिकायचा. तबल्याला बसवलं ते आईनंच. शिकवायला शाह अब्दुल करीम होते.

आता यातला 'आई ठुमरी गायची' हा भाग नुसता कौतुकाचा म्हणून वाचू नका. ठुमरीच्या साथीत तबलजीला काय करावं लागतं ते आठवा. दीपचंदी तालाच्या १४ मात्रा संथ चालल्यात, गायिका एकाच ओळीचे शब्द दहा तऱ्हांनी फिरवतेय, आणि तबलजीनं तेवढा वेळ ठेका भरून, स्वच्छ धरायचा. मध्ये तोंड घालायचं नाही. शेवटी लय चढते, ताल केरव्याच्या अंगानं जातो, लग्गी, म्हणजे तबल्याचं जलद, खेळकर वादन, सुरू होते. गायिका मुखडा धरून राहते आणि तबलजी मोकळा सुटतो. मग पुन्हा मूळ लयीत येऊन समेवर सगळं शांत. आधी धीर आणि मग स्फोट, दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच बैठकीत.

जाझच्या ड्रमरचं काम याहून फार वेगळं नाही. त्याच्यापुढे बहुतेक वेळा ३२ बारचं आवर्तन असतं (बार म्हणजे साधारण चार मात्रांचा खंड). सॅक्सोफोनवाला त्यावर फिरतो, ड्रमर राइड सिंबलवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, चाल धरतो, डाव्या पायानं हाय-हॅट ही झांजांची जोडी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटतो. पुढे चार-चार बारचे सवाल-जवाब सुरू झाले की त्याला मोकळीक, पण आवर्तन डोक्यात चालूच हवं. पहिल्यांदा जाझ ऐकणाऱ्याला वाटतं ड्रमर मनाला येईल तसं बडवतोय. तबल्याच्या मुलाला मात्र कळतं की तो कुठेतरी मोजतोय. माझ्या वर्गात हा फरक पहिल्या महिन्यातच दिसतो.

त्रिलोक यांनी पाश्चात्त्य संगीत रेकॉर्ड ऐकून उचललं. गिटारवाला जिमी हेंड्रिक्स त्यांच्या आवडीचा. स्टुडिओत एकावर एक आवाज चढवून रेकॉर्डिंग करतात हे त्या वयात त्यांना ठाऊकच नव्हतं, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. चार वेळा वाजवून जोडलेलं ते एकाच माणसाचं समजले आणि तसंच, सगळं एकदम वाजवायला शिकले! ही गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो.

सत्तरच्या दशकात ते युरोपात पोचले. सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो, ट्रम्पेटवाले डॉन चेरी यांच्याबरोबर वाजवलं. 'एम्ब्रियो' या जर्मन बँडच्या १९७७ च्या 'अपोकॅलिप्सो' या रेकॉर्डवर मुलाबरोबर शोभाताईही आहेत. पुढची घडामोड तुमच्या गुरुजींना जरूर सांगा. 'ऑरेगॉन' या अमेरिकन बँडमध्ये कॉलिन वॉलकॉट नावाचे वादक होते. ते सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकलेले. १९८४ मध्ये दौऱ्यावर असताना मोटार अपघातात ते गेले, आणि त्यांच्या जागी त्रिलोक आले. ज्या जागेवर आधीपासून तबला होता, ती जागा. नुसता ड्रमर तिथे चालला नसता.

मग जॉन मॅक्लॉफ्लिन यांचं त्रिकूट. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये १९८९ च्या नोव्हेंबरात झालेल्या कार्यक्रमाची कॅसेट माझ्या हाती हॉस्टेलवर आली. गिटार मॅक्लॉफ्लिन, बास काई एकहार्ट, बाकी सगळा ताल त्रिलोक. एकटा माणूस एवढे आवाज कसे काढतो, हे कोडं होतं; पुढे त्यांचं चित्रीकरण पाहिलं तेव्हा ते सुटलं. नेहमीचं स्टूल नाही. एक गुडघा जमिनीला टेकवून बसलेत, हाताशी तबला, भोवती सिंबल्स, आणि बाजूला पाण्याची बादली. वाजवलेली घंटेसारखी तबकडी ते पाण्यात बुडवतात आणि तिचा सूर वाकत खाली येतो. डग्ग्यावर मनगट दाबत सरकवलं की घुमारा जसा वाकतो, तसाच. ड्रमवर काठी पडली की आवाज एका जागी पडून संपतो. तबलजीच्या कानाला ती रुखरुख असतेच. त्यांनी बादली का आणली याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे.

बँडप्रमुख म्हणून बोलायचं तर जाझमध्ये ड्रमरनं बँड चालवणं जुनंच आहे. आर्ट ब्लेकी यांनी 'जाझ मेसेंजर्स' तीन दशकांहून अधिक काळ, १९९० मध्ये जाईपर्यंत चालवला. ली मॉर्गनपासून विंटन मार्सालिसपर्यंत कितीतरी जण ऐन विशीच्या आसपास तिथे तयार झाले. ब्लेकी मागे बसून एकल वादकाला पुढे ढकलत. त्रिलोक यांची रीत वेगळी वाटते. त्यांच्या नावाची पहिली रेकॉर्ड 'उस्फ्रेट' १९८८ ची. डॉन चेरी, 'ऑरेगॉन'मधले गिटारवाले राल्फ टाउनर, व्हायोलिनला एल. शंकर, असे लोक जमलेत, आणि सुरुवातच होते 'शोभारॉक'नं. आई गातेय आणि मुलगा साथ करतोय. बँडचा प्रमुख तो, पण गाण्याची प्रमुख ती. मला आजही त्यांची ही सगळ्यांत धाडसी रेकॉर्ड वाटते. १९९३ च्या 'क्रेझी सेंट्स'वर कीबोर्डवाले जो झाविनुल आणि गिटारवाले पॅट मेथेनी पाहुणे आहेत, शोभाताई तिथेही आहेत. २००४ च्या 'ब्रोकन ऱ्हिदम्स'मध्ये रशियाच्या तुवा प्रांतातले, एका गळ्यातून दोन सूर काढणारे कंठगायक आणि इटलीची तंतुवाद्यांची चौकडी आहे. २०१३ ची 'स्पेलबाउंड' ट्रम्पेटवाल्यांना वाहिलेली. मधल्या काही रेकॉर्डवर पाहुण्यांची गर्दी झाली आणि बँड हरवला, असं माझं मत आहे. पण एकाही ठिकाणी ते स्वतःच्या ड्रम्ससाठी दुसऱ्याचा आवाज दाबत नाहीत. हे वळण ठुमरीच्या साथीतलं आहे, असं मी खात्रीनं म्हणतो.

आता तुमचा मुलगा. गुरुजींची भीती अगदी खोटी नाही. काठी आवळून धरली तर बोटांतला हलकेपणा जातो, चाटीचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, 'ना' जड येतो. मलाही तसं झालं, कारण मला एकानं तबला पूर्ण बंद करायला सांगितलं आणि मी ते ऐकलं. दोन वर्षं गेली. परत बसलो तेव्हा 'तिरकिट' स्वच्छ यायला पाच-सहा महिने लागले. म्हणून बंद करू नका. सकाळी तबला, संध्याकाळी काठ्या.

ड्रमसेट लगेच घेऊ नका. रबरी प्रॅक्टिस पॅड आणि काठ्यांची एक हलकी जोडी पहिल्या सहा महिन्यांना पुरते, शेजारीही बोलत नाहीत. सेटवर बसायला लागला की कानांत प्लग सक्तीचे; तबल्यात याची सवय नसते. पायांना मात्र वेगळा वेळ द्यायला लावा, कारण तबल्यानं पायांना काहीच शिकवलेलं नसतं. उजव्या पायानं त्रितालाच्या चारही टाळ्या-खालीच्या जागा धरायच्या आणि तोंडानं त्याचाच एखादा कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) म्हणायचा, एवढं रोज दहा मिनिटं.

आणि त्याला 'शोभारॉक' ऐकवा. गुरुजींना समोर बसवूनच ऐकवा.