दहा हजारात घरचं वर्कशॉप बसतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या महिन्यात सहज लिहून गेलो की घरच्या घरी ठोकठोक करणाऱ्यांनी स्वस्तातल्या हत्यारांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, तर प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना इथे जागा नाही, काही निवडक घेतलेत. मी तज्ज्ञ वगैरे नाही हां, चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये बरीच वर्षं काढली आणि आता घराच्या मागच्या पडवीत खुडबूड करतो एवढंच.

प्रश्न (सातारा): भाड्याच्या घरामागे 8 बाय 10 ची पत्र्याची शेड मिळालीय. थोडं लाकूडकाम, सायकलची दुरुस्ती, घरातली बारीकसारीक कामं असं करायचंय. एकूण बजेट दहा हजार. काय काय घेऊ? यादी द्या.

उत्तर: यादी देतो पण आधी एक ऐका, दहाचे दहा हजार पहिल्या दिवशी उडवू नका. पाच-साडेपाच खर्च करा आणि बाकीचे डब्यात ठेवा, कारण तुम्हाला नेमकं काय लागतं ते तुम्हाला पण आत्ता माहीत नाहीये, तीन महिने काम केलं की कळेल. मी पहिल्या झटक्यात घेतलेली निम्मी हत्यारं आजही प्लास्टिकच्या पिशवीत आहेत.

पैसे कुठे घालायचे त्याचा माझा हिशोब सोपा आहे. जे कापतं आणि जे मोजतं तिथे हात आखडू नका, जे नुसतं ठोकतं किंवा धरून ठेवतं तिथे खुशाल वाचवा. म्हणजे हातोडी कोणतीही चालेल, अर्धा किलोची, दांडा घट्ट बसलाय ना एवढं बघा, झालं. सी-क्लॅम्प साधे चालतील. पण पटाशी, करवत, ड्रिलचे बिट, हॅक्सॉचं (लोखंड कापायच्या करवतीचं) ब्लेड, गुण्या (काटकोन बघायचा), टेप यात पन्नास-शंभर रुपये वाचवायला गेलात तर प्रत्येक कामात रडाल.

पक्कड एकच घ्या, 8 इंची कॉम्बिनेशन, इन्सुलेटेड मुठीची. तापडियाची घेतली तर डोळे झाकून घ्या असं लोक म्हणतात, मी म्हणतो डोळे उघडे ठेवून घ्या, कंपनी नाशिकची, साठच्या दशकात स्वीडनच्या बाहको कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेली, माल चांगलाच आहे पण कोणत्याही कंपनीत नग कमीजास्त निघतो. दुकानातच पक्कड मिटून उजेडासमोर धरा, कापायच्या पात्यांमधून उजेड दिसला तर दुसरी मागा. मग वहीच्या कागदाचा एक तुकडा कापून बघा. कागद स्वच्छ कापला तर बारीक वायरची तार पण कापेल, कागद चावला आणि दुमडला तर ती पक्कड नुसती धरायच्या कामाची. दुकानदार थोडा वैतागतो, वैतागू द्या.

पाने बारा नगांच्या सेटमध्ये घेऊ नका. सायकलला आणि घरातल्या कामाला 10-11, 12-13 आणि 14-15 असे तीन डबल एंडेड पाने पहिलं वर्ष पुरतात, जोडीला एक 8 इंची ॲडजस्टेबल. स्क्रू ड्रायव्हरमध्ये चौफुलीचा 2 नंबर सगळ्यात जास्त लागतो, तेवढा एक चांगला घ्या, कारण टोक गोल झालेला ड्रायव्हर स्क्रूचं डोकं पण खातो आणि मग तो स्क्रू काढायला दुपार जाते. हॅक्सॉची फ्रेम साधी चालेल पण ब्लेड बाय-मेटल, म्हणजे दोन धातू जोडलेलं घ्या, पातळ पत्रा-पाइपला इंचाला 24 दातवालं आणि जाड लोखंडाला 18 दातवालं, आणि दात पुढे करून लावा, उलटं लावून "कापतच नाही" म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत.

टेप 5 मीटरचा. त्याच्या टोकाचा हुक जरा हलतो, तो डिफेक्ट नाहीये हो! हुकाच्या जाडीइतकाच तो मागेपुढे सरकतो, म्हणजे बाहेरून अडकवून माप घेतलं काय आणि भिंतीला टेकवून आतून घेतलं काय, माप बरोबरच येतं. माझ्या एका शेजाऱ्याने तो हातोडीने ठोकून फिट केला होता, तेव्हापासून त्यांची सगळी फळकुटं हुकाच्या जाडीइतकी चुकतात.

पटाश्या दोनच, अर्ध्या इंचाची आणि एक इंचाची. नवीन पटाशीला धार नसते, ती आपण लावायची असते, म्हणून जोडीला धार लावायचा दुहेरी दगड घ्या, एका बाजूने खरखरीत आणि दुसऱ्या बाजूने बारीक. हा दगड म्हणजे तुमच्या यादीतली सगळ्यात कामाची वस्तू, कारण त्याच्यामुळे स्वस्त पटाशी पण चालते आणि तो नसेल तर महागडी पण लाकूड कुरतडते.

राहिलं ड्रिल, त्याचं पुढच्या प्रश्नात बोलू.

प्रश्न (हिंजवडी, पुणे): नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलोय. 500 वॅटचं चांगल्या कंपनीचं इम्पॅक्ट ड्रिल घेतलं, पण भिंतीत अर्धा इंच जाऊन बिट नुसतं फिरतं आणि लाल होतं. दुकानदाराने खराब माल दिला का?

उत्तर: ड्रिल बिचारं ठीक आहे, भिंत वेगळी आहे. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच नवीन टॉवरमध्ये विटा नसतातच, ॲल्युमिनियमच्या साच्यात आख्ख्या भिंती काँक्रीटच्या ओततात, साइटवर त्याला मिव्हान म्हणतात. तुमचं इम्पॅक्ट ड्रिल विटेच्या भिंतीसाठी आहे. त्याच्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्याचा थरथराट बिटाला मिळतो, म्हणजे धक्का बारीक, आणि त्यातही जोर तुम्हीच मागून लावायचा. काँक्रीटला लागतं रोटरी हॅमर, त्याच्या आत पिस्टन असतो आणि हवेच्या दाबाने तो खरोखरचा ठोसा मारतो, आपण नुसतं धरायचं. त्याचं बिट पण वेगळं, एसडीएस म्हणतात ते, खाचा असलेलं.

आता लगेच रोटरी हॅमर घ्यायला पळू नका. पडद्याचे रॉड, टीव्ही आणि दोन शेल्फ एवढंच करायचं असेल तर एक दिवस भाड्याने आणा नाहीतर बिल्डिंगमध्ये कोणाकडे तरी असतोच, सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, आणि सगळी भोकं एकाच दिवशी पाडून घ्या. जुनं ड्रिल फेकू नका, लाकूड आणि लोखंडाला तेच बरं. फक्त बिट लाल झालं असेल तर ते गेलं, कार्बाइडचं टोक बोथट झालं की कितीही दाबा, ते भिंतीला गुदगुल्याच करणार.

साताऱ्याचे दादा, तुमचं घर विटेचं असेल तर हेच 500 वॅटवालं, 10 एमएम चकचं (बिट धरायच्या तोंडाचं) ड्रिल घ्या, नावाजलेल्या कंपनीचं दोन-अडीच हजाराच्या आसपास मिळून जातं, तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा खर्च हाच. बिल पक्कं घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

प्रश्न (डोंबिवली): ऑनलाइन 46 नगांचा सॉकेट सेट अगदी स्वस्तात दिसतोय. मुलाला वाढदिवसाला घेऊ का?

उत्तर: ताई, खेळण्यातली गाडी, सायकल, खुर्च्या-टेबलं जोडायला मस्त आहे, घ्या. त्याचा चौकोनी खुंट पाव इंचाचा असतो, म्हणून स्कूटरच्या चाकाच्या नटाला लावू नका एवढं मुलाला सांगा. मी असाच एक 101 नगांचा घेतला होता, चाकाचा नट सोडवायला पाइप घालून जोर लावला आणि सॉकेट कलिंगडासारखं चिरलं, हाताची साल गेली ती वेगळीच. चूक निम्मी माझी.

प्रश्न (पुणे, कोथरूड): जुन्या बाजारात चांगली हत्यारं मिळतात असं ऐकलंय. खरंय का? फसवणूक होऊ नये म्हणून काय बघायचं?

उत्तर: हा माझा लाडका प्रश्न. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मी अजून महिन्यातून एकदा तरी जातो, बायको म्हणते तुम्ही देवळात जात नाही एवढे तिकडे जाता. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की चांगला माल गेलेला असतो.

तिथे जायचं ते हाताने चालवायच्या हत्यारांसाठी. जुना रंधा, पटाश्या, व्हाइस (वस्तू जबड्यात आवळून धरतो तो), कानशी, हातगिरमिट हे सगळं गंजलेलं असलं तरी वरचा गंज म्हणजे नुसती धूळ समजा, घासला की जातो. खड्डे पडलेले असतील, विशेषतः पटाशीच्या सपाट पाठीवर धारेजवळ, तर सोडून द्या.

पटाशीचं पोलाद कसंय ते बघायला मी खिशात एक छोटी जुनी कानस ठेवतो. धारेच्या जवळ हळूच घासायची, टोकाजवळच हां, कारण पाणी (तापवून बुडवून आणलेला कडकपणा) तिथेच दिलेलं असतं, मुठीकडे मऊच असते. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पटाशी चांगली. लोण्यात गेल्यासारखी रुतली तर कोणीतरी ती ग्राइंडरवर निळी होईपर्यंत तापवून पाणी उतरवलंय, मग ती रंगाचे डबे उघडायला घ्या.

व्हाइस घेताना पूर्ण उघडा आणि पुढचा जबडा धरून हलवा. थोडा हलणारच, पण खडखड वाजला तर नको. बॉडीवर वेल्डिंगची रेघ दिसतेय का ते रंगाच्या खाली बारीक नजरेने शोधा, बीड (ओतीव लोखंड) एकदा तडकलं की वेल्डिंगने सहसा टिकत नाही आणि ताजा चकचकीत रंग मारलेला व्हाइस दिसला की मला आधी संशय येतो. गंजका व्हाइस प्रामाणिक असतो. 4 इंची जबडा घराला पुष्कळ झाला.

गुण्या घ्यायचा असेल तर कागद-पेन्सिल बरोबर न्या, नाहीतर विक्रेत्याच्याच एखाद्या सरळ कडेच्या फळीवर बघा. कडेला गुण्या टेकवून एक रेघ मारायची, मग गुण्या पालथा करून त्याच टिंबापासून दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या 90 अंशात आहे. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक त्या गुण्यात आहे. नवीन गुण्याला पण हीच परीक्षा, मी दुकानात चार गुणे तपासून पाचवा घेतलाय. लेव्हलची बाटली अशीच, एका जागी ठेवून बुडबुडा बघायचा, तिथेच डावं टोक उजवीकडे येईल असं फिरवून परत बघायचा, दोन्हीकडे सारखाच दिसला पाहिजे.

जुन्या कानशी भरलेल्या असतात, तारेच्या ब्रशने साफ करून रात्रभर किराण्यातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. सकाळी ब्रश मारा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच पुसून तेल लावा. अगदी झिजलेली असेल तर जादू होणार नाही, पण मधल्या अवस्थेतली चांगली चालायला लागते.

विजेची हत्यारं मात्र तिथून घेऊ नका, निदान चालवून बघितल्याशिवाय तर नाहीच. चालवायला मिळालं तर मागच्या झरोक्यातून बघा, कार्बन ब्रशपाशी बारीक ठिणग्या असतातच पण गोल आगीचं कडं दिसलं किंवा जळक्या वॉर्निशचा वास आला की हसून पुढे चला. आर्मेचर (मोटरचा आतला फिरता, तार गुंडाळलेला भाग) परत भरून घ्यायच्या खर्चात नव्याची निम्मी किंमत जाते कधीकधी.

मुंबईच्या वाचकांनी नवीन मालासाठी नागदेवी स्ट्रीट पालथी घालावी, एका दुकानात भाव ऐकून दुसऱ्यात विचारायची लाज वाटू देऊ नका.

प्रश्न (सांगली): 48 व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल, दोन बॅटऱ्या आणि पेटीसकट, ब्रँडेड 12 व्होल्टच्या पण कमी किमतीत मिळतंय. व्होल्ट जास्त म्हणजे ताकद जास्त ना?

उत्तर: खरे 48 व्होल्ट असतील तर! या बॅटरीत लिथियमचे सेल असतात, एक सेल 3.6 व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2. पाच सेल म्हणजे 18 व्होल्ट, तेच पूर्ण चार्जला 21 होतात, म्हणून एकच ड्रिल कोणी 18 लिहून विकतं आणि कोणी 20 मॅक्स लिहून. आता 48 व्होल्टला साधारण तेरा सेल लागतील आणि तुमच्या फोटोतली बॅटरी मुठीएवढी आहे, तेरा सेल बसणार कुठे? बॅटरीच्या खालचं लेबल बघा, नाहीतर चार्जरवर आउटपुट किती लिहिलंय ते बघा, तिथे बहुतेक 12 नाहीतर 21 सापडेल. 48 च्या पुढे व्हीएफ असं काहीतरी असेल तर ती नुसती जाहिरातबाजी.

तरी ड्रिल वाईटच असेल असं नाही, स्क्रू फिरवायला चालतं. फक्त दोन वर्षांनी बॅटरी मेली की तशीच बॅटरी मिळेल का ते विचारून ठेवा. तुमच्या शेडमध्ये लाइट असेल तर वायरवालं ड्रिल त्याच पैशात जास्त वर्षं जाईल.

प्रश्न (नागपूर): 4 इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावून फळ्या कापतो, वेगळी करवत घ्यायचा खर्च वाचतो. गार्ड काढावा लागतो. काही हरकत?

उत्तर: हरकत आहे, आजच बंद करा. ग्राइंडर मिनिटाला 11000 च्या आसपास फेरे घेतो, लाकडाची बरीच ब्लेडं त्या वेगासाठी बनलेलीच नसतात, आणि दात लाकडात अडकला की मशीन हातातून उसळून मांडीवर नाहीतर गळ्याकडे येतं, सावरायला वेळच मिळत नाही. कारखान्यात मी अशा दोन जखमा बघितल्यात, वर्णन करत नाही. हाताची चांगली करवत चार-पाचशेत येते. कटिंग व्हील घेताना पण त्यावर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना ते बघा आणि मधल्या धातूच्या कडीवर छापलेली एक्सपायरीची तारीख बघा, हो, व्हीलला एक्सपायरी असते, स्वस्तात लॉट काढतात तो कधीकधी तोच असतो. गार्ड आणि चष्मा यावर चर्चा नाही.

प्रश्न (मडगाव, गोवा): पावसाळ्यात सगळी हत्यारं गंजतात. महागडे स्प्रे परवडत नाहीत.

उत्तर: शिवणयंत्राचं तेल आणि जुन्या बनियनचा तुकडा, बस. काम झालं की हाताचा घाम पुसून तेलाचा हलका हात फिरवायचा, चिकट होईपर्यंत नाही. पटाश्या चामड्याच्या पाकिटात घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पोलाद खातं. भुशाचं पण तसंच, रंध्यावर रात्रभर भुसा राहिला की सकाळी लाल ठिपके दिसतात. माझा भाऊ रत्नागिरीला असतो, तो पत्र्याच्या पेटीत 40 वॅटचा जुना बल्ब लावून ठेवायचा, पेटी कोमट राहिली की ओल धरत नाही. आता तसले बल्ब मिळायची पंचाईत झालीय, मिळाला तर ठेवा, फक्त बल्बला काही टेकणार नाही आणि शेजारी तेलाचं फडकं राहणार नाही एवढं बघा.